देवाचे बिऱ्हाड

जुन्या वाड्यांत देवघराची जागा कोणी ठरवली, असे विचारण्याची पद्धत नव्हती. माजघराला लागून, स्वयंपाकघरातून सोवळ्याने जाता येईल अशी ती खोली वाड्याबरोबरच जन्माला येई. आता आमच्या कोल्हापुरातले वाडे एकामागून एक उतरले, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. आणि नव्या जागेत पाऊल टाकताच घरातली बाई पहिला प्रश्न विचारते तो हाच, की देव कुठे बसवायचे? कुणाचे देव भिंतीतल्या कोनाड्यात जातात, कुणाचे कपाटाच्या वरच्या कप्प्यात, आणि कुणाचे, सांगायला संकोच वाटतो, फ्रिजच्या डोक्यावर. माझ्या एका आत्याने देव्हाऱ्याला पूर्वेचे तोंड मिळेना म्हणून नव्या घरी राहायला जाणे सहा महिने लांबणीवर टाकले होते. घरचे हसले, मी हसलो नाही. ज्या घरात देव राहत नाही, ते घर आपल्या लोकांना मुळी घर वाटतच नाही.

मग ज्या घरात देवघरच नाही, तिथल्या देवाचा पत्ता काय?

हा प्रश्न मला सुचला तो वडगावात. वडगाव म्हणजे आपले पेठवडगाव नव्हे, बेळगावचे वडगाव. शहराच्या दक्षिण अंगाला शहापूर, खासबाग आणि वडगाव या वस्त्या एकमेकींत अशा मिसळल्या आहेत की एक कुठे संपली आणि दुसरी कुठे लागली, हे तिथल्या रहिवाशालाच ठाऊक. शहापूर हे संस्थानी काळात सांगलीकर पटवर्धनांचे. वडगाव विणकरांचे आणि शेतकऱ्यांचे. पूर्वी घरोघर हातमाग होते, पुढे यंत्रमाग आले. गल्लीत शिरले की दोन्ही बाजूंनी खटखटाट सुरू होतो, आणि पाव्हण्याला पहिल्या रात्री झोप लागत नाही. वस्ती संपली की भाताची शिवारे. आषाढात मंगाईची जत्रा भरते, तेव्हा माहेरवाशिणींनी गाव फुलून जाते. माझी मावशी तिथे दिली होती, त्यामुळे लहानपणापासून माझे जाणे-येणे.

मावशीच्या घरापासून चार घरे सोडून एक निवृत्त शिक्षक राहतात. मराठी ख्रिस्ती. त्यांचे वडील निपाणीकडून नोकरीनिमित्त आले आणि इथलेच झाले. नाव मुद्दामच देत नाही, कारण त्यांना ते रुचणार नाही. गल्ली त्यांना मास्तर म्हणते. त्यांच्या पत्नीही शाळेत शिकवीत, म्हणून त्या बाई. घर अगदी आपल्या घरांसारखे: ओटा, सोपा, मागे परसात नळ आणि कढीलिंबाचे झाड. भिंतीवर एक घड्याळ, एक दिनदर्शिका, आणि फळीवर काळ्या बांधणीचे पवित्र शास्त्र. बस्स. ना तसबीर, ना मूर्ती, ना निरांजन. माझ्या मावशीला हे फार दिवस खटकत असे. एकदा तिने बाईंना विचारूनच टाकले, “सगळं आहे की हो बाई तुमच्या घरात. देव तेवढा कुठं दिसत नाही.”

बाई म्हणाल्या, “इथंच राहतो की वो. बसा, चहा टाकते.”

मावशीला ते उत्तर पटले नाही, चहा मात्र तिने घेतला. आणि त्या पिढीतल्या आमच्या घरच्या बाईने ख्रिस्ती घरात चहा घेणे ही काही लहान गोष्ट नव्हती.

पुढे २०१८ साली बाईंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. त्यांचे चर्च शहराच्या दुसऱ्या टोकाला, कॅम्पात. पन्नास वर्षे एक रविवार न चुकवणारी बाई खाटेला खिळली, आणि तिच्या मनाने घेतले की आपण देवाला अंतरलो. मास्तरांनी पुष्कळ समजावले. मग त्यांच्या मंडळीतली आठ-दहा माणसे दर रविवारी संध्याकाळी घरीच येऊ लागली. सोप्यावर सतरंजी पडे, बाईंची खाट मध्ये ओढून घेत, एखादे भजन, एक वाचन, प्रार्थना, आणि शेवटी चहा-पोहे. दोन वर्षे हे चालले, आणि २०२० चा मार्च आला.

त्या दिवसांत देवळे, मशिदी, चर्च सगळ्यांनाच कुलपे लागली. त्या वर्षी आषाढी वारी पायी निघाली नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस. टी. गाडीतून पंढरीला गेल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. देवाच्या दारालाच कुलूप लागल्यावर देव आत राहिला की बाहेर, हा प्रश्न तेव्हा एकट्या बाईंचा उरला नाही. मास्तरांच्या घरची बैठकही बंद झाली. वडगावात सूत येईना, माग थांबले. समोरच्या घरचे विणकर, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, दिवसभर आपल्या ओट्यावर बसून राहत. मास्तर इकडे दारात खुर्ची टाकून बाईंना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात शास्त्र वाचीत. मधल्या बोळाची रुंदी दोन माणसे खांद्याला खांदा लावून जातील एवढीच. अण्णांना ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते. हे सारे मला नंतर दोघांनीही सांगितले, आणि दोघांच्या तपशिलांत थोडा फरक आहे. पण पुढच्या गोष्टीवर दोघांचे एकमत आहे.

मास्तरांचे वाचन चालले होते निर्गम या दुसऱ्या पुस्तकाचे. मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटलेले इस्राएल लोक रानात राहुट्या ठोकून राहिले आहेत, आणि देव मोशेला सांगतो आहे की माझ्यासाठी एक निवासमंडप करा. मग त्याची मापे सुरू होतात. तलम सणाच्या कापडाचे दहा पडदे. प्रत्येक पडदा अठ्ठावीस हात लांब आणि चार हात रुंद. हा भाग बायबलात कंटाळवाणा समजला जातो. पुष्कळ भाविक ही पाने भराभर उलटतात, असे मास्तरच सांगतात. पण समोरून आवाज आला, “थांबा मास्तर. किती हात म्हणालासा?”

अण्णांनी जमिनीवर खडूने हिशेब मांडला. नऊवारी लुगडे म्हणजे अठरा हात. अठ्ठावीस हात म्हणजे दीड लुगड्याहून जास्त. ते होईल. पण पन्हा चार हातांचा? एवढ्या रुंद मागावर एका माणसाचा हात पोचायचा नाही; धोटा टाकायला एकाने इकडे आणि झेलायला दुसऱ्याने तिकडे बसले पाहिजे. आणि असे दहा! पुढे मास्तरांनी वाचले की पाच-पाच पडदे एकमेकांना जोडायचे, मग त्या दोन जोडांच्या काठांना निळ्या सुताची पन्नास-पन्नास बिरडी लावायची आणि सोन्याचे पन्नास आकडे घालून सगळे मिळून एक करायचे. वरून बकऱ्यांच्या केसांचे आणखी अकरा पडदे, तीस हातांचे, घोंगडीसारखे. खांब-फळ्या बाभळीच्या. अण्णा म्हणाले, “हे देऊळ न्हवं मास्तर. हा तंबू हाय. बांधायचा, सोडायचा, गाढवावर घालायचा.”

मास्तर म्हणतात की त्यांनी ते प्रकरण पन्नास वेळा तरी वाचले असेल. पण तो खरोखर एक तंबू आहे, त्याला शिवण आहे, तो कुणीतरी रात्र-रात्र बसून विणलेला आहे, हे त्यांना त्या दिवशी दिसले.

मी कोल्हापूरला परत आल्यावर ती प्रकरणे स्वतः वाचून काढली. वाचकांपैकी ज्यांच्या हाती ते पुस्तक कधी पडले नसेल, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो, कारण ख्रिस्ती धर्माची सगळी मेख या तंबूत आहे असे मला वाटू लागले आहे.

पहिली गोष्ट ही, की तो तंबू लोकांनी मागितलेला नाही. आपल्याकडे देव येतो तो भक्ताच्या ओढीने. पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला होता, म्हणून विठ्ठल विटेवर उभा राहिला. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन त्याने बारा वर्षे पाणी भरले, जनाबाईबरोबर दळण दळले. पण त्या त्या ठिकाणी आधी भक्ती आहे, मग देव. इथे मात्र उलटे. गुलामीतून नुकती सुटलेली, कुरकुरणारी, परत मिसरात जाऊ म्हणणारी ही माणसे; आणि देव आपण होऊन म्हणतो की मला तुमच्यामध्ये राहायचे आहे. छावणीची रचनाही ठरवून दिली आहे: चारही दिशांना तीन-तीन वंशांच्या राहुट्या आणि बरोबर मधोमध देवाची राहुटी. डोंगराच्या शिखरावर नाही, गावकुसाबाहेर नाही. स्वयंपाकाचा धूर, पोरांची रडारड, गुरांचे शेण, या सगळ्याच्या मध्ये.

दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक. मापे सांगून झाली आणि काम सुरू व्हायच्या आत खाली लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याची पूजा मांडली. सोने तेच, स्त्रियांच्या कानांतले. देव रागावला. म्हणाला, वचन दिले आहे तो देश तुम्हांला देईन, पुढे दूतही पाठवीन. पण मी स्वतः तुमच्याबरोबर येणार नाही. विचार करा, वाचकहो, हा सौदा काही वाईट नव्हता. जमीन मिळत होती, संरक्षण मिळत होते, फक्त देव बरोबर नव्हता. पुष्कळांनी तो आनंदाने पत्करला असता, आजही पत्करतात. मोशेने मात्र उत्तर दिले की तू बरोबर येणार नसशील तर आम्हांला येथून हलवूच नकोस. आणि देव वळला. त्याच्यानंतर मग तो मंडप उभा राहिला. म्हणजे मापे दिली तेव्हा ते लोक निदान निरपराध होते. पण देव प्रत्यक्ष राहायला आला तो त्यांनी त्याला सोडून दिल्यानंतर. ही कथा सांगणाऱ्याला माणसाची पारख होती यात शंका नाही.

लोकांनी मग काय करावे? बायकांनी बकऱ्यांचे केस कातले, कुणी निळे-जांभळे सूत आणले, कुणी आरसे दिले. रोज सकाळी देणग्यांचा ढीग वाढू लागला. शेवटी कारागीर मोशेकडे तक्रार घेऊन गेले की आता पुरे, कामाला लागते त्याहून जास्त झाले. आणि मोशेला छावणीत दवंडी पिटवावी लागली की कोणी काही आणू नका. देणग्या बंद करा असे सांगणारे देवस्थान मी तरी दुसरे ऐकलेले नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात आटोपतो. लोक स्थिर झाले, राजे आले, आणि शलमोन राजाने यरुशलेमेत दगडाचे मंदिर बांधले. त्याला सात वर्षे लागली. स्वतःच्या वाड्याला तेरा लागली, हेही शास्त्रकाराने न विसरता नोंदवले आहे. मंदिराच्या प्रतिष्ठेच्या वेळी त्या राजानेच कबूल केले की ज्याला आकाश पुरत नाही, तो या घरात काय मावणार! इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या फौजांनी ते जाळले. पुन्हा बांधलेले इसवी सन ७० मध्ये रोमनांनी पाडले. त्यानंतर आजतागायत ते उभे राहिले नाही.

पण त्या दुसऱ्या पाडावाच्या आधीच ख्रिस्ती लोकांनी वेगळीच वाट धरली होती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी येशूच्या जन्माविषयी जे ग्रीक क्रियापद योजले आहे, त्याच्या पोटात तंबू हा शब्द आहे. देवाने माणसाच्या देहाचा तंबू केला आणि तो आपल्यांत येऊन राहिला, असा त्याचा आशय. मराठी शास्त्रात त्या जागी वस्ती हा शब्द आला आहे. चांगला शब्द आहे. पण मला विचाराल तर बिऱ्हाड हा त्याहून नेमका. बिऱ्हाड करणारा माणूस मालक नसतो. तो दुसऱ्याच्या घरात दोन खोल्या मागतो, शेजाऱ्यांशी जमवून घेतो, आणि उद्या हलावे लागेल हे त्याला ठाऊक असते. येशूचे चरित्र पाहा. जन्माला जागा नाही, म्हणून गोठ्यात. पुढे मस्तक टेकायला हक्काचे ठिकाण नाही. जेवतो तो सदैव दुसऱ्यांच्या घरी, कधी पेत्राच्या सासूकडे, कधी बेथानीत मार्था आणि मरिया या बहिणींकडे.

यरीहोच्या जक्कयाची गोष्ट तर आपल्या कुठल्याही गावातली वाटावी. हा जकातदारांचा मुख्य. सरकारी वसुलीतून गबर झालेला, म्हणून गावाने वाळीत टाकल्यासारखा. बुटका, गर्दीत दिसेना, तेव्हा उंबराच्या जातीच्या एका झाडावर चढून बसला. येशू खाली थांबला, वर पाहिले आणि म्हणाला की उतर, आज मला तुझ्याकडेच उतरायचे आहे. बोलावणे नाही, विचारणे नाही. पाहुणाच यजमानाला आमंत्रण देतो आहे! गाव कुजबुजले, की गेला बघा पाप्याच्या घरी. जेवणाच्या पंगतीवरून गाव कुजबुजते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आणि पौल? तो तर व्यवसायाने तंबू करणाराच होता. करिंथ शहरात अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी राहून, त्यांच्याबरोबर तंबू शिवून त्याने पोट भरले. त्याच पौलाने त्या शहरातल्या गोदी-कामगारांना आणि गुलामांना लिहून कळवले की देवाचे मंदिर म्हणजे तुम्हीच. दगडाचे मंदिर तेव्हा यरुशलेमेत अजून उभे होते. पहिली दोन-अडीचशे वर्षे ख्रिस्ती लोक एकमेकांच्या घरीच जमत. सीरियातल्या दूरा-युरोपॉस येथे उत्खननात इसवी सन २४० च्या सुमाराचे एक राहते घर सापडले आहे. मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केलेली, कारण जमणारी माणसे मावेनात. मनोरे आणि घंटा फार पुढच्या.

हा देव मराठीत राहायला आला त्याला चारशे वर्षे होऊन गेली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास उतरला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. साष्टीतल्या नवख्रिस्ती रयतेपाशी बसून तो मराठी आणि कोकणी शिकला, आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ख्रिस्तपुराण त्याने रचले. १६१६ मध्ये ते रायतूर येथे छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. त्याला दिसले असणार की जुन्या देवांची पुराणे गेलेल्या माणसांना रोमच्या लॅटिनमधला देव घरचा वाटणार नाही. म्हणून ओवी आपली आणि स्वर्गाला शब्दसुद्धा वैकुंठ! त्या तिन्ही छापांची एकही प्रत आज कुठे असल्याचे ज्ञात नाही. हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला सालढाणांनी ते पुन्हा छापले, म्हणून आपल्या हाती लागले. आणि तिकडे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीजच बोलावे. देवाने ज्या भाषेत बिऱ्हाड केले, तीच भाषा सरकारने घराबाहेर काढायला निघावे! सीमाभागातल्या वाचकाला या वाक्यावर अधिक भाष्य नको असेल.

आमच्या कोल्हापूरपुरते बोलायचे तर अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ मध्ये इथे आले. त्यांच्या नावाचे चर्च आपल्या परिचयाचे आहे. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इस्पितळ उघडले, त्याने किती घरांतली माणसे वाचवली याचा हिशेब या दैनिकाच्या जुन्या वाचकांनीच करावा. बेळगावात तर त्याही आधी, १८२० पासून लंडन मिशन होते. या लोकांच्या सेवेबद्दल दुमत नाही. पण त्यांनी बांधलेल्या देवळांची कमान, बाके, पेटीचा सूर, सगळे त्यांच्या गावचे. देव इथे आला खरा, पण बरोबर सामान फार घेऊन आला.

ते सामान उतरवून ठेवा, असे ज्याने मोठ्याने सांगितले तो नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाईंना नातेवाइकांनी पंढरपुरास नेले; नवरा एका देवाकडे गेला आणि बायको दुसऱ्या देवाच्या दारी राहिली. पाच वर्षे लोटली. त्या काळाची हकिकत ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे, आणि मराठी घरात ते पुस्तक नसेल तर आज आणावे. नगरला नवऱ्याजवळ येऊनही त्या आपले सोवळे आणि पाणी निराळे ठेवीत. अखेर एके दिवशी जात ही माणसाची करणी, देवाची नव्हे, असा त्यांनी स्वतःशी निर्णय केला आणि कुणाच्याही हातचे पाणी पिऊ लागल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की बाईंच्या बाबतीत पाण्याचा निर्णय आधी आहे आणि दीक्षा नंतर. नगर जिल्ह्यात ज्या लोकांमध्ये त्या राहिल्या, ते बहुतेक महार-मांग वस्त्यांतून आलेले. ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांच्या राहुट्यांच्या मधोमध देवाचे बिऱ्हाड आहे, हे त्यांनी ऐकून नव्हे, तिथे राहून ओळखले.

चोखोबांची समाधी पंढरपुरी महाद्वारासमोर आहे, आत नाही. आणि साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले तेव्हा कुठे त्या दाराआड त्यांच्या वंशजांना जाता आले. हे सांगून ख्रिस्ती मंडळींची पाठ थोपटण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्याही देवळांतून पूर्वीच्या जाती बाकांवर वेगवेगळ्या बसल्याची उदाहरणे आहेत, आणि लग्ने जुळवताना त्या जाती कशा जिवंत होतात, हे मास्तरच खिन्नपणे सांगतात.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. भिंतींवाचूनची मंडळी त्यांना हवी होती. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार पांगला. अशा गोष्टींना बहुधा दोन वर्षेच आयुष्य असते. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते; ज्या बाईला लिहिता-वाचता येणेही एके काळी कठीण होते, तिने त्याचे बहुतेक अध्याय लिहून ते पुरे केले.

वडगावकडे वळतो. बाई २०२१ च्या पावसाळ्यात गेल्या. शेवटच्या महिन्यांत त्यांची ती भीती, देवाला अंतरल्याची, गेली होती की नाही, हे मी मास्तरांना विचारले. ते म्हणाले, “पूर्ण गेली असं म्हणणार नाही. पण त्या तंबूचं पुन्हा पुन्हा वाचायला लावायची. म्हणायची, मला उठून जायचं नाही ना कुठं, तेवढं नक्की सांगा.”

टाळेबंदी उठल्यावर रविवारची बैठक पुन्हा सुरू झाली होती. पण दिवस बदलले होते. कर्नाटकात घरगुती प्रार्थनासभांकडे काही ठिकाणी संशयाने पाहिले जाऊ लागले. २०२२ मध्ये धर्मांतराविषयीचा कायदाही झाला. गल्लीबाहेरच्या दोन तरुणांनी अण्णांना गाठून विचारले की तुम्ही त्या घरी कशाला बसता, तुम्हांला बाटवताहेत काय? अण्णा म्हणाले, “मी मापं घ्यायला बसतो.” अण्णांच्या गळ्यात आजही तुळशीची माळ आहे, आणि आषाढीला त्यांची पंढरी चुकत नाही.

आता मास्तर ऐंशीच्या घरात आले आहेत. मुलगा पुण्याला असतो आणि वडिलांनी घर विकून तिकडे यावे असा त्याचा आग्रह आहे. त्यात गैर काही नाही. प्रश्न रविवारच्या आठ-दहा माणसांचा. त्यांतल्या दोघींना कॅम्पापर्यंत जाववत नाही, आणि बाकीच्यांची घरे एका खोलीची. मी गेल्या मंगाईच्या जत्रेला गेलो तेव्हा ओट्यावर हाच विषय चालला होता. मास्तर म्हणत होते की निर्गमाच्या शेवटच्या प्रकरणात लिहिलेच आहे, मंडपावरचा ढग उठला की लोकांनी खुंट्या उपटायच्या आणि चालू लागायचे. ढग उठेपर्यंत हलायचे नाही. आपला ढग उठला की नाही एवढेच कळत नाही.

अण्णा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “ढगाचं तुमचं तुम्ही बघा मास्तर. माझ्या शेडात चार माग होते, दोन मोडीत गेले. तेवढी जागा रिकामी हाय. रविवारी मी उरलेले दोन बंदच ठेवतो.”

मास्तरांनी विचारले, “लोक काय म्हणतील तुम्हाला?”

अण्णांनी पायाने जागा मोजायला सुरुवात केली होती. “लांबी वीस हात भरेल,” ते म्हणाले. “अठ्ठावीस काय व्हायची नाही.”